नेहरूंचा रुपया वीसला की पाच लाखांना?

प्रश्न: सासऱ्यांच्या कपाटात नाण्यांचा एक डबा सापडला. त्यात नेहरूंचा चेहरा असलेले बरेच रुपये आणि पन्नास पैसे आहेत, गांधीजींची दहा रुपयांची चार मोठी नाणी आहेत आणि १९७२ सालचं दहा रुपयांचं एक आहे. मोबाईलवर नेहरूंच्या रुपयाला पाच लाख सांगतात. पुण्याच्या जुन्या बाजारात एकाने वीस रुपये सांगितले. लक्ष्मी रस्त्यावरच्या सराफांनी गांधीजींची नाणी नुसती वजनावर मागितली, आणि नाण्यांच्या प्रदर्शनात तेच नाणं एका टेबलावर काही हजारांना लावलेलं होतं. सगळे आपापल्या मनाने आकडे ठोकून देतात असंच वाटायला लागलं आहे. या नाण्यांना खरोखर काही भाव असतो का?

उत्तर:

ताई, तुम्हाला मिळालेल्या चार आकड्यांपैकी तीन खरे असू शकतात. चौथा साफ खोटा आहे. वीस रुपये, वजनाचा भाव आणि काही हजार हे तीन वेगळ्या व्यवहारांचे आकडे आहेत आणि तिन्ही प्रामाणिक असू शकतात. पाच लाख मात्र निव्वळ आमिष आहे. लोक हे चारही आकडे एकाच पंक्तीला बसवतात आणि मग सगळ्या धंद्यालाच थोतांड म्हणून मोकळे होतात. त्यांचा संशय मला रास्त वाटतो. फक्त तो चुकीच्या माणसावर जातो: वीस सांगणाऱ्यावर लोक चिडतात आणि पाच लाखवाल्याला फोन करतात.

कुठलाही आकडा कानावर आला की पहिल्यांदा एवढंच विचारा: हे पैसे कोणी दिले आहेत, की कोणी नुसते मागितले आहेत? मोबाईलवर दिसतात ते बहुतेक मागितलेले आकडे. जाहिरात टाकायला काही लागत नाही, पाच लाख लिहा नाहीतर पाच कोटी. ती महिनोन्‌महिने तशीच पडून राहते, आणि ती पाहून दुसरा आपल्या नाण्यापुढे सहा लाख लिहितो. थोड्या दिवसांनी कोणीतरी त्यावर व्हिडिओ करतो आणि तो आकडा घरोघरी जातो. या साखळीत कुठेही, कोणीही एक रुपया मोजलेला नसतो.

मोजलेला पैसा बघायचा असेल तर लिलावांचे निकाल बघावेत. आपल्याकडच्या नाण्यांच्या लिलावगृहांचे मागचे निकाल ऑनलाइन पाहता येतात. तिथेही एकाच निकालावर विसंबू नका. दोन हट्टी संग्राहक समोरासमोर आले की बोली कुठल्या कुठे जाते आणि पुढच्या वेळी तसंच नाणं निम्म्यावर येतं. त्याच नाण्याचे, त्याच दर्जाचे पाच-सहा निकाल काढा, वरचा आणि खालचा सोडून द्या. उरतात त्याला मी भाव म्हणतो. त्यातूनही लिलावगृहाचं कमिशन जातं, त्यामुळे विकणाऱ्याच्या हातात पडणारी रक्कम निकालातल्या आकड्यापेक्षा कमीच असते.

आता तुमच्या डब्याकडे येतो.

नेहरू गेले २७ मे १९६४ रोजी, आणि त्याच सालाची त्यांच्या स्मरणार्थ निघालेली एक रुपया आणि पन्नास पैसे ही स्वतंत्र भारताची पहिली स्मारक नाणी. दोन्ही शुद्ध निकेलची. रुपयाचं वजन १० ग्रॅम, व्यास २८ मिलिमीटर. ‘पहिली’ म्हटलं की माणसाला आपोआप ‘दुर्मीळ’ ऐकू येतं, आणि बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात. ही नाणी संग्राहकांसाठी मोजूनमापून काढलेली नव्हती. ती चलनासाठी पाडलेली होती, मुंबई आणि कलकत्ता अशा दोन टांकसाळींत, आणि रुपयाचीच संख्या कोटीच्या घरात होती. त्यात बऱ्याच घरांनी आठवण म्हणून एक-दोन बाजूला ठेवली. निकेल कठीण धातू, गंजत नाही, सहज झिजत नाही. त्यामुळे साठ वर्षांनंतरही ही नाणी भरपूर शिल्लक आहेत. बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात चादरीवर मांडलेल्या नाण्यांच्या ढिगात हात घातला तर हा रुपया मिळतोच. म्हणून वीस सांगणाऱ्याने तुम्हाला फसवलेलं नाही. चलनात फिरलेल्या, गुळगुळीत झालेल्या नेहरूंच्या रुपयाचा तो योग्य भाव आहे.

एक गोष्ट मात्र तपासा. शुद्ध निकेल लोहचुंबकाला चिकटतं. फ्रिजच्या दारावरचं चुंबक लावून पाहा. नेहरूंचा रुपया टपकन उचलला जायला हवा. ‘चांदीचा नेहरू’ म्हणून जो तुम्हाला विकायला येईल, त्याच्यासमोर हेच करा, चांदी चुंबकाला चिकटत नाही.

सालाबद्दलही लोकांना फार सहज गंडवतात. नेहरूंच्या नाण्यावर १८८९-१९६४ असं लिहिलेलं आहे, म्हणजे त्यांचा जन्म आणि मृत्यू. जाहिरातीत हेच नाणं ‘१८८९ चं’ म्हणून येतं. गांधीजींच्या नाण्यांचं तर त्याहून अवघड, कारण त्यांच्यावर नाणं काढल्याचं साल नाहीच. जन्मशताब्दीनिमित्त १९६९ मध्ये वीस पैसे, पन्नास पैसे, एक रुपया आणि दहा रुपये अशी नाणी निघाली आणि त्यांवर १८६९-१९४८ एवढंच आहे. मग कोणीतरी ते ‘१९४८ चं दुर्मीळ नाणं’ म्हणून खपवतो. गांधीजींच्या वीस किंवा पन्नास पैशांच्या बाबतीत हा दावा एका वाक्यात मोडता येतो. आपल्याकडे दशमान नाणी आली १ एप्रिल १९५७ पासून, त्याआधी रुपया-आणे-पै होते. ‘२० पैसे’ लिहिलेलं नाणं १९४८ चं असेलच कसं? पिवळ्या वीस पैशांत सोनं असल्याची अफवा मी अजूनही ऐकतो. ते तांब्याचं मिश्रण आहे, सोन्याचा त्यात कणही नाही.

तुमच्या डब्यातला खरा ऐवज म्हणजे गांधीजींची ती चार दहा रुपयांची नाणी. त्यांत चांदी आहे. प्रत्येकाचं वजन १५ ग्रॅम, त्यात ८० टक्के चांदी, म्हणजे शुद्ध चांदी १२ ग्रॅम. हिशोबाला सोपं म्हणून चांदी किलोला एक लाख धरली, तर एका नाण्यातल्या चांदीचे १,२०० रुपये होतात. त्या दिवशीचा दर घालून हाच गुणाकार करा. याच्या फार खाली तुमचं नाणं जाऊ नये, मग ते कितीही घासलेलं, ओरखडलेलं असो. सराफ मोडीत घेताना त्यातून घट धरणार, ती त्यांच्या धंद्याची रीत आहे. पण कोणी ‘जुनं दहा रुपयांचं नाणं’ म्हणून शंभर-दोनशे रुपये हातावर टेकवायला लागला, तर निमूट उठून या.

१९७२ चं नाणं हातात घेतलं की बहुतेकांना वाटतं, हे जास्त किमती असणार. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवाचं ते नाणं चांगलं दणकट आहे, २२.५ ग्रॅमचं, गांधीजींच्या नाण्याच्या दीडपट. पण त्यात चांदी निम्मीच, म्हणजे ११.२५ ग्रॅम. दिसायला मोठं, चांदीला कमी. १९७३ च्या २० रुपयांच्या नाण्यातही निम्मीच चांदी आहे, ३० ग्रॅममध्ये १५. १९७४ च्या ५० रुपयांतही तोच निम्मा हिशोब, आणि त्याच १९७४ चं दहा रुपयांचं नाणं तर तांबं-निकेलचं आहे, चांदी शून्य. पाच वर्षांत, त्याच दहा रुपयांच्या नाण्यात, ८० टक्क्यांवरून ५० आणि ५० वरून काहीच नाही. म्हणून ‘जुनी दहा रुपयांची नाणी’ असा सरसकट भाव सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. सालागणिक धातू बदलला आहे.

चांदी खरी आहे का, हे घरीच बघता येतं. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा डिजिटल काटा ऑनलाइन स्वस्तात मिळतो. नाणं तोला, १५ ग्रॅमच्या आसपास भरलं पाहिजे. मग काट्यावर पाण्याने अर्धा भरलेला पेला ठेवा आणि काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं धरा. तळाला किंवा कडेला ते टेकू द्यायचं नाही. काट्यावर साधारण १.४८ ग्रॅम दिसायला हवेत. तेवढ्याच वजनाचं तांबं-निकेलचं बनावट नाणं असेल तर आकडा १.६८ च्या जवळ जाईल. फरक लहान दिसतो, पण काटा तो स्वच्छ दाखवतो. झाल्यावर नाणं मऊ सुती कापडावर ठेवून टिपा. चोळू नका.

चोळण्याबद्दल मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण पुण्यातल्या घरांमधून माझ्याकडे येणारी चांगली नाणी सगळ्यात जास्त यानेच वाया गेलेली असतात. नाणी विकायची ठरली की आधी ती ‘छान करून’ आणतात. चिंच, लिंबू, रांगोळी, टूथपेस्ट, देवाची भांडी घासायची पावडर. करणाऱ्याचा हेतू चांगला असतो आणि नाणं लखलखतंही. पण टांकसाळीच्या दाबाने नाण्याच्या पृष्ठभागावर एक बारीक पोत तयार झालेला असतो. कोरं नाणं दिव्याखाली तिरकं धरून हळूहळू फिरवलं की त्या पोतामुळे चकाकीचा एक पट्टा नाण्यावर गोल फिरताना दिसतो. घासल्यावर तो पोत जातो आणि त्या जागी एकाच दिशेचे केसासारखे ओरखडे येतात. नाणं चमकतं, पण चमक सगळीकडून सपाट दिसते आणि तो पट्टा फिरत नाही. ही इजा कायमची असते. काळवंडलेलं चांदीचं नाणं जसंच्या तसं आणलंत तर संग्राहक ते घेईल. घासून आणलंत तर तो मान हलवेल आणि तुम्हाला सराफाकडे, वजनाच्या भावाकडे जावं लागेल. डब्यातलं एकही नाणं, कृपा करून, घासू नका.

प्रदर्शनातल्या हजारांच्या आकड्याचं उत्तरही याच पट्ट्यात आहे. पुण्यात दरवर्षी कॉइनेक्ससारखी प्रदर्शनं भरतात, देशभरचे डीलर टेबलं लावतात. तिथे तुम्ही पाहिलेलं गांधीजींचं नाणं बहुधा दोनांपैकी एक असेल. एक म्हणजे प्रूफ. मुंबईच्या टांकसाळीने त्या काळात संग्राहकांसाठी खास झिलई दिलेल्या ठशांनी, आरशासारख्या पार्श्वभूमीची नाणी पाडली. त्यांवर ‘बी’ हे इंग्रजी अक्षर असतं. ही नाणी चलनातल्यांच्या तुलनेत फारच कमी निघाली. दुसरं म्हणजे कोरं नाणं, प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीत, वर दर्जाचा आकडा. हे ग्रेडिंग करणाऱ्या पीसीजीएस आणि एनजीसी या अमेरिकी कंपन्या १९८० च्या दशकात सुरू झाल्या. ७० पर्यंतच्या मापात त्या नाण्याला गुण देतात. ६३ आणि ६६ मधला फरक साध्या डोळ्यांना कळतही नाही, पण भाव दुप्पट-तिप्पट होतो. या फरकावर लोक सगळ्यात जास्त संशय घेतात, आणि मी त्यांच्या बाजूने आहे. वरच्या गुणाच्या नाण्याला पैसे देणारे देशात मोजकेच असतात. त्यातले दोघे-तिघे थांबले की भाव बसतो. आपल्याकडच्या सुरुवातीच्या स्मारक नाण्यांसाठी, जी लाखांनी उपलब्ध आहेत, केवळ डबीवरचा आकडा बघून हजारो रुपये घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

असं मत होण्याचं कारण अमेरिकेत घडून गेलेलं आहे. तिथलं पहिलं स्मारक नाणं १८९२ चं, कोलंबसच्या नावाचा अर्धा डॉलर, शिकागोच्या जागतिक प्रदर्शनासाठी काढलेला. अर्ध्या डॉलरचं नाणं एक डॉलरला विकत होते. दुप्पट पैसे का द्यायचे, हा प्रश्न लोकांना तेव्हाही पडला. खूप नाणी उरली, वितळवली गेली, आणि बाकीची शेवटी साध्या पन्नास सेंटच्या भावाने चलनात सोडावी लागली. पुढे १९३० च्या दशकात या नाण्यांचा सुकाळ झाला. १९३६ मध्ये सिनसिनाटी शहराच्या नावाने तीन टांकसाळींच्या तीन नाण्यांचे सुमारे ५,००० संच निघाले, ७.७५ डॉलरला एक. निमित्त होतं त्या शहराच्या संगीतकेंद्राच्या पन्नाशीचं, पण १८८६ साली तिथे असं नेमकं काय घडलं होतं, हे कोणालाच सांगता येईना. वाटप नाण्यांच्या एका शौकिनाच्या हातात होतं. संच हातोहात संपले आणि बाहेर कितीतरी पट भावाने फिरू लागले. अशा प्रकारांवर इतका ओरडा झाला की १९३९ मध्ये काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, जुन्या परवान्यांवर नाणी काढणं बंद केलं. पुढे १९५४ नंतर ती मालिका थांबली ती थेट १९८२ पर्यंत. दुसरा तडाखा बसला १९८९ नंतर. सीलबंद डब्यांतली हीच जुनी स्मारक नाणी गुंतवणूक म्हणून विकली गेली, भाव आभाळाला भिडले आणि वर्षभरात कोसळले. नाणी खरी होती, दर्जाही खरा होता. पुढचा गिऱ्हाईक मात्र नव्हता.

तेव्हा आपल्या गांधीजींच्या नाण्याला खालून चांदीचा आधार आहे आणि वरून मर्यादा आहे ती पुढच्या गिऱ्हाईकाची. नेहरूंच्या रुपयाला खालचा आधारही नाही.

डीलरबद्दल दोन शब्द, कारण ‘वीसला घेतात आणि साठला विकतात’ हा राग मला रोज ऐकायला मिळतो. तो रुपया त्याच्या अल्बममध्ये वर्षानुवर्षं पडून असतो. टेबलाचं भाडं, प्रवास, बनावट निघालेला माल, सगळं त्या चाळीसात असतं. माझ्या मते साध्या नाण्यावर एवढा फरक चालतो. चालत नाही ते हे, की महागाचं नाणं घेताना ‘खराब आहे’ म्हणायचं आणि तेच विकताना ‘कोरं’ म्हणून मांडायचं. हे टाळायचं असेल तर एकाच दिवशी दोघांना दाखवा, आणि पहिल्याने काय सांगितलं ते दुसऱ्याला सांगू नका.

सरकार हल्ली काढतं ती शंभर रुपयांची वगैरे स्मारक नाणी या हिशोबात धरू नका. ती आगाऊ नोंदणी करून, दर्शनी किमतीच्या कितीतरी पट भावाने मिळतात आणि त्यांतली बरीचशी नंतर त्या भावाने विकत नाहीत. आवडली तर घ्यावीत. १९९९ चं शिवछत्रपतींचं दोन रुपयांचं नाणं कितीतरी घरांत देवघरात आहे. त्याचा बाजारभाव विचारू नये, ते जपावं.

आता फोनबद्दल. पाच लाखवाला कधीही नाणं बघायला येत नाही. तो आधी नोंदणीचे पैसे मागतो, मग कर, मग रिझर्व्ह बँकेचं प्रमाणपत्र. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीरच केलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारांशी तिचा काही संबंध नाही आणि ती असं कुठलंही कमिशन घेत नाही. ज्याला तुमच्याकडून नाणं विकत घ्यायचं आहे त्याने तुम्हाला पैसे द्यायचे असतात. तुम्ही आधीच काही पाठवलं असेल तर १९३० या सायबर तक्रारीच्या क्रमांकावर लगेच फोन करा. उशीर झाला की पैसे परत मिळणं अवघड होतं.

तुमची नाणी शंभर वर्षांच्या आतली आहेत, त्यामुळे ती विकण्यात पुरावशेषांच्या १९७२ च्या कायद्याची अडचण नाही. डब्याच्या तळाशी तांब्याची शिवराई किंवा पेशवाईतला अंकुशी रुपया निघाला तर तो वेगळा ठेवा. त्याचे नियम वेगळे आणि त्याचा भाव काढायची रीतही वेगळी.

एक दुपार काढून हे करा. नेहरूंचे रुपये दिव्याखाली एकेक फिरवा. ज्यांच्यावर चकाकीचा पट्टा फिरतो आणि गालाचा उंचवटा झिजलेला नाही, तेवढेच बाजूला काढा. शंभरात चार-पाच निघाले तरी खूप. पन्नास पैशांचे दोन गठ्ठे करा, कारण नेहरूंचं नाव काहींवर इंग्रजीत आणि काहींवर देवनागरीत आहे. संग्राहकाला दोन्ही लागतात, आणि जोडी एकत्र दिली तर बरा भाव येतो. गांधीजींची चारही नाणी तोला, पाण्यात तपासा, ‘बी’ अक्षर आहे का बघा आणि प्रत्येक नाणं स्वतंत्र कागदी होल्डरमध्ये ठेवा. मऊ, वासाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, त्यातलं रसायन काही वर्षांत नाण्यावर चिकट हिरवट थर आणतं. चारांतलं जे सगळ्यात स्वच्छ असेल ते सराफाकडे नेऊ नका, आधी संग्राहकाला दाखवा. उरलेली तीन विकायची घाई नसेल तर राहू द्यात, चांदीचा हिशोब तुम्हाला आता करता येतो.